सरकारमान्य पिठलं

डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या इंडियन ग्रोसरीत आश्लेषा मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होती. तेवढ्यात एक उंच, घामाघूम झालेली अमेरिकन बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माफ करा, तुम्ही ब्रह्मदेशाच्या जवळच्या आहात का?"

"मी कराडची," आश्लेषा म्हणाली.

"ते ब्रह्मदेशाच्या जवळ आहे?"

आश्लेषा मूळची सरळ. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं ही तिची सवय. तिनं क्षणभर नकाशा डोळ्यांसमोर आणला आणि म्हणाली, "टेक्सासपेक्षा जवळ आहे."

एवढं बाईला पुरलं. तिनं आश्लेषाचा हात मेथीसकट धरला आणि दुकानाच्या कोपऱ्यात, तांदळाच्या गोण्यांपाशी नेऊन सगळी हकिगत सांगितली.

तिचं नाव ब्रेंडा. परदेशातून आलेल्या निर्वासितांना डॅलसमध्ये वसवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात ती कामाला होती. तिथे पैसा सरकारचा, नियम सरकारचे आणि धावपळ तेवढी ब्रेंडाची. साल दोन हजार आठ, उन्हाळा भरात. सरकारनं आता रोहिंग्या लोकांची काही कुटुंबं घ्यायचं ठरवलं होतं. ब्रह्मदेशात अराकान नावाचा प्रांत आहे, तिथले हे मुसलमान. तिथल्या लष्करानं त्यांचं नागरिकत्व नाकारलं, गावं जाळली, माणसांना हाकललं. कोणी बांगलादेशात पळालं, कोणी तिथून होडीत बसून मलेशियात पोचलं. त्यांतलं पहिलं कुटुंब येत्या आठवड्यात विमानतळावर उतरणार होतं. घर बघून झालं होतं, गाद्या आल्या होत्या, दिवे लागत होते. अडलं होतं ते जेवणावर.

"नियम आहे," ब्रेंडा म्हणाली. "माणसं घरात आली की त्यांना गरम, तयार आणि त्यांच्या संस्कृतीला साजेसं जेवण मिळालं पाहिजे. मागच्या वेळी आम्ही मॅकरोनी दिली, तर वरून एवढं लांबलचक पत्र आलं. आणि मांस द्यायचं तर ते हलाल पाहिजे, पण हलाल कोण ठरवणार यावर ऑफिसात अजून मीटिंगा चालू आहेत. म्हणून शाकाहारी. तुम्ही शाकाहारी स्वयंपाक करता ना?"

"करते, पण रोहिंग्या लोकांचा नाही."

"डॅलसमध्ये तो कोणीच करत नाही," ब्रेंडा म्हणाली. "त्या मानानं तुम्ही बऱ्याच पुढे आहात."

आश्लेषा घरी आली ती होकार देऊनच. तिचा नवरा यतीन एका टेलिफोन कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात व्हिसा सांभाळायचा. त्याचा नोकरीचा एच-वन, तिचा त्याची बायको म्हणून मिळालेला एच-फोर. एच-फोरवर बायकोनं काम करायचं नाही, हे त्याच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं की शेजारणीची कुंडी उचलून द्यायला गेली तरी तो खिडकीतून बघायचा.

"अगं, हे काम आहे. उद्या कोणी विचारलं तर?"

"स्वयंपाक हे काम आहे?"

"अर्थात!"

"घरात करते तेव्हा हे कधी बोलला नाहीस."

यतीननं तो विषय तिथेच सोडला आणि कंपनीच्या वकिलाला फोन लावला. वकिलानं बराच वेळ घेतला. शेवटी त्यानं सांगितलं, की मोबदला घेतला नाही आणि स्वखुशीनं केलं तर ती समाजसेवा. मात्र ती खरोखर खुशीनं होत असावी.

"म्हणजे तुला आनंद झाला पाहिजे," यतीननं बजावलं. "करताना चिडचिड नको."

आश्लेषानं मग इंटरनेटवर शोधलं. जळलेल्या गावांचे फोटो मिळाले, छावण्यांची वर्णनं मिळाली. ती माणसं काय जेवतात, ते कोणी लिहिलेलंच नव्हतं. सगळा विचार करून तिनं मसालेभात, वाटाण्याची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि शेवयांची खीर असा बेत ठरवला. गुरुवारी कुटुंब येणार होतं. बुधवारी दुपारी ती धुणं मशीनमध्ये टाकत असताना ब्रेंडाचा फोन आला.

"ते आलेत!"

"कोण?"

"कुटुंब! विमान बदललं, आम्हाला कोणी कळवलंच नाही. माझ्या गाडीत मागे बसलेत. अर्ध्या तासात घरी पोचतो. जेवण घेऊन या!"

वाटाणे भिजलेले नव्हते. घरात कांदे होते, मिरच्या होत्या आणि बेसनाचा डबा होता. अवेळी दारात पाहुणा उभा राहिला की तिची आई जे करायची, सासू जे करायची, तेच तिचे हात करू लागले. तिनं मोहरी-जिऱ्याची फोडणी टाकली, कांदा परतला, पाणी उकळलं आणि बेसन एका हातानं सोडत दुसऱ्या हातानं घोटलं. भाताचा कुकर लावला. सात वर्षांची सावनी शाळेच्या सुट्टीमुळे घरीच होती. तिनं पातेल्यात डोकावून तोंड वाकडं केलं.

"आई, इट्स जस्ट पिठलं."

"आजच्यापुरतं ते पिठलं नाही. चल, बूट घाल."

अपार्टमेंट जुनं होतं, पण स्वच्छ. आत नवऱ्या-बायकोसह चौघं भिंतीला टेकून उभी होती. खुर्च्या होत्या, पण बसा असं कोणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याचं नाव अबुल कलाम, बायकोचं हमिदा, आणि तिच्या ओढणीआड दोन मुलं. चौघांच्या गळ्यात कागदपत्रांच्या प्लास्टिकच्या पिशव्या. आश्लेषानं सगळ्यांना बसवलं, ताटं मांडली, भातावर पिठलं घातलं. अबुलनं आधी ब्रेंडाकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग पहिला घास घेतला. त्याचा चेहरा हलला नाही. त्यानं मान डोलावल्यावर हमिदानं घास घेतला, सावकाश गिळला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"अरे देवा!" ब्रेंडा कुजबुजली, आणि तिनं कॅमेरा काढला.

त्या आठवड्यात ब्रेंडानं वर अहवाल पाठवला. मायदेशाची चव जिभेवर येताच मातेचे अश्रू आवरेनात, असं तिनं त्यात लिहिलं आणि फोटो जोडला. वरची मंडळी हेलावली. वर कोणी हेलावलं की खाली परिपत्रक येतं, तसं ते आलं. रोहिंग्या कुटुंबांना आगमनाच्या वेळी 'पिटला' हा त्यांचा पारंपरिक पदार्थ द्यावा, सोबत भात. मिरची बेताची.

त्यानंतर दुसरं कुटुंब आलं, तिसरं आलं. प्रत्येकाला आश्लेषाचं पिठलं. तिनं एकदा उसळ करून पाहिली, तर ब्रेंडानं हळूच पण ठामपणे ती झाकून ठेवली. "सुंदर आहे, पण ही मंजूर नाही." यतीन कुकर गाडीच्या मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवायचा आणि वकिलानं सांगितलेलं आठवून विचारायचा, "आनंद होतोय ना?" आश्लेषाला खरंच आनंद व्हायचा. दारात उभ्या असलेल्या माणसांना बसा म्हणायचं काम आजवर तिला कोणी दिलं नव्हतं.

सप्टेंबरात तिच्या मावसबहिणीचा, रेखाचा, मिशिगनमधल्या नोव्हायहून फोन आला. "आशू, एक गंमत सांगते. आमच्या लायब्ररीत निर्वासितांवर कार्यक्रम होता. एका टेबलावर पिवळं काहीतरी ठेवलेलं, वर पाटी, 'रोहिंग्यांचं राष्ट्रीय अन्न'. मी खाल्लं. अगं, शप्पथ सांगते, पिठलं होतं! किती जवळची संस्कृती बघ. माझ्या तर अंगावर काटा आला."

आश्लेषाच्याही आला, पण वेगळ्या कारणानं.

तिनं ठरवलं, हे थांबवायचं. आधी हमिदाकडे जाऊन खरं काय ते विचारायचं. हमिदाशी तिचं बोलणं आता जमू लागलं होतं. क्वालालंपूरला राहत असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर हिंदी सिनेमे बघून बघून हमिदानं हिंदी उचललं होतं, त्यामुळे साधी वाक्यंही ती थोडी नाट्यमय बोलायची.

आश्लेषा गेली तर हमिदानं दारातच तिचा हात धरला. "दीदी! आज खाना खाए बिना जाने नहीं दूँगी." आणि तिला खुर्चीवर बसवून, स्वतः उभी राहून, तिनं ताट पुढे केलं. ताटात पिठलं होतं. गुठळ्या झालेलं, हळद जास्त, मीठ विसरलेलं.

"हे... तू केलंस? कशासाठी?" आश्लेषानं हिंदीतच विचारलं.

"आप के लिए," हमिदा अभिमानानं म्हणाली. "आप लोग का अमरीकी खाना. मैं सीख गई."

आश्लेषाचा घास हातातच राहिला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. सरकारी बाई सरकारी गाडीतून आणते, सरकारी घरात पहिलं जेवण म्हणून हेच वाढतात, फोटो काढतात, म्हणजे हे या देशाचं जेवण. अबुलनं तसा निष्कर्ष काढला होता आणि मागून आलेल्या कुटुंबांनाही तोच सल्ला दिला होता. नाकं मुरडू नका, ताट चाटूनपुसून संपवा, हे लोक याला फार मानतात. हमिदा दर शुक्रवारी मुलांना जबरदस्तीनं पिठलं घालायची, शाळेत लाज वाटू नये म्हणून. मुलं रडायची. अबुलला तर खात्री होती की पुढे नागरिकत्वाच्या परीक्षेत कृती विचारतील.

"पण पहिल्या दिवशी तू रडलीस ना? खाताना?"

हमिदा ओशाळली. ओढणीचं टोक तोंडाशी नेत म्हणाली, "दीदी, गुस्सा मत होना. मैं सोची, या अल्ला, अब उमर भर यही खाना पड़ेगा."

आश्लेषाला हसू फुटलं. हसता हसता तिनं ताट खाली ठेवलं, पोट धरलं, आणि सगळं सांगून टाकलं. हे अमेरिकेचं नाही, हे माझ्या गावचं, माझ्या आईचं, पाहुणे अचानक आले की करायचं. हमिदा आधी ऐकत राहिली, मग तीही हसू लागली, हसता हसता दोघी खाली बसल्या, आणि आतल्या खोलीतून मुलं धावत आली ती दोन मोठ्या बायका जमिनीवर बसून हसतायत हे बघायला. धाकटीनं विचारलं म्हणून हमिदानं तिला तिच्या भाषेत सांगितलं. मुलीनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. शुक्रवार सुटला होता.

मग हमिदानं बाही वर सारली आणि खरा स्वयंपाक केला. तांदळाचं पीठ उकडून मळलं, हातावर थापत पातळ, पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या केल्या. आश्लेषा डोळे फाडून बघत राहिली. कोकणातली तिची मामी अश्शाच करायची. सोबत मिरच्या घालून परतलेले सुके मासे. वास असा की शेजाऱ्यानं खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. आश्लेषानं दोन भाकऱ्या खाल्ल्या. खाताना हमिदानं तिला थोडं थोडं सांगितलं. गाव कसं होतं, सैनिक आले तेव्हा चुलीवर काय होतं, कोण मागे राहिलं. मागे राहिलेल्यांची नावं तिनं एकदाच घेतली. ती घेताना तिचं सिनेमातलं हिंदी गळून पडलं, नुसती नावं उरली.

दुसऱ्या दिवशी आश्लेषा ब्रेंडाच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, "ब्रेंडा, पिठलं रोहिंग्यांचं नाही. महाराष्ट्राचं आहे."

ब्रेंडानं उठून दार लावलं.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"भारतात साधारण दहा कोटी लोकांना."

"मी अमेरिकेतलं विचारतेय."

"ब्रेंडा!"

ब्रेंडा खुर्चीत कोसळली. पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टनहून साहेब येणार होते, तेही पिठल्यासाठीच. निर्वासितांच्या संस्कृतीचा एवढा बारीक विचार करणारं ऑफिस म्हणून ब्रेंडाचं ऑफिस देशभर नमुना ठरणार होतं. आता ते जेवण साजेसं नव्हतंच असं ठरलं, तर आजवरचं प्रत्येक आगमन नियमबाह्य. चौकशी होईल, ती संपेपर्यंत नवी कुटुंबं थांबतील. आणि पुढचं कुटुंब होतं हमिदाच्या धाकट्या बहिणीचं.

"मग खोटं बोलायचं?" आश्लेषानं विचारलं.

"नाही," ब्रेंडा म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. तिनं कपाळ दाबून धरलं. "खरं बोलायचं. पण नेमकं काय खरं आहे, ते जरा जपून ठरवायचं."

आश्लेषाला असलं काही जमणारं नव्हतं. आठवडाभर तिची झोप उडाली. यतीननं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच व्हिसाचा विषय न काढता म्हणाला, "तू सांगून टाक. तुला खोटं बोलताच येत नाही. आपल्या लग्नात माझ्या आत्यानं साडी कशी आहे विचारलं होतं, आठवतंय? अजून बोलत नाही ती."

साहेबांचं नाव प्रिचर्ड. सडपातळ, सौम्य, नेकटायवर छोटी छोटी बदकं. ऑफिसच्या सभागृहात लांब टेबल मांडलं होतं. त्यावर स्टीलच्या मोठ्या भांड्यात, खाली मेणबत्त्या लावून, गरम ठेवलेलं पिठलं. मागच्या भिंतीवर हमिदाच्या अश्रूंचा फोटो, दारापेक्षा मोठा, त्यावर ठळक अक्षरांत 'रोहिंग्या' आणि 'पिटला'. खरी हमिदा त्याच्याखाली अबुलशेजारी अंग चोरून बसली होती. टेबलाच्या मध्यभागी एक फोन. त्यावर दुभाषा जोडलेला होता. रोहिंग्या भाषेचा दुभाषा सरकारला मिळाला नव्हता, म्हणून न्यू जर्सीतले चक्रवर्ती नावाचे बंगाली गृहस्थ घेतले होते. त्यांना हमिदाचं निम्मं कळायचं, उरलेलं ते अदबीनं भरून काढायचे.

प्रिचर्डसाहेबांनी भाषण केलं, पिठलं चाखलं, डोळे मिटले. "या चवीत," ते म्हणाले, "मला अराकानचा समुद्रकिनारा जाणवतो."

आश्लेषाला राहवेना. ती उठून उभी राहिली. "साहेब, यात कुठलाही समुद्र नाही. हे माझ्या माहेरचं जेवण आहे. कराडचं. तिथे नदी आहे."

ब्रेंडानं डोळे मिटून घेतले.

प्रिचर्डसाहेबांनी चमचा खाली ठेवला. "कराड अराकान प्रांतात येतं?"

"नाही. महाराष्ट्रात."

"दोन्ही प्रांतांत सीमावाद वगैरे?"

"मध्ये अख्खा भारत आहे, साहेब. पुढे बांगलादेश."

साहेबांनी आपल्या सहायकाशी कुजबुज केली. सहायकानं नियमांचं जाड पुस्तक चाळलं आणि कुजबुज परत केली. मग साहेब म्हणाले, "पदार्थ कुठून आला हा प्रश्न नियमात नाही. जेवण साजेसं आहे की नाही, ते त्या समाजातल्या व्यक्तीनं सांगायचं. त्या इथेच बसल्या आहेत. मिस्टर चक्रवर्ती, कृपया विचारा. हे अन्न तुमच्या लोकांचं आहे का?"

फोनमधून चक्रवर्तींनी विचारलं. हमिदानं काहीतरी उलट विचारलं. चक्रवर्तींनी पुन्हा विचारलं. अबुल हमिदाच्या कानाशी लागला. तिनं त्याला हातानं गप्प केलं, ताठ बसली, आणि मोठ्यानं म्हणाली, "हाँ. हमारा है."

"हमिदा," टेबलाच्या या टोकाकडून आश्लेषा हिंदीत म्हणाली, "घाबरू नकोस गं. खरं सांग. तुला कोणी परत पाठवणार नाही. मी ब्रेंडाला विचारून घेतलंय."

"डरती नहीं, दीदी." हमिदानं भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडे एकदा बघितलं आणि बोलू लागली. तिचं मोडकं हिंदी त्या खोलीत एकट्या आश्लेषाला कळत होतं, आणि फोनच्या पलीकडे चक्रवर्तींना. ब्रह्मदेशात सरकारचे लोक आले, म्हणाले, तुम्ही इथले नाही, तुम्ही बंगाली. बांगलादेशात सरकारचे लोक म्हणाले, तुम्ही बंगाली नाही, जा ब्रह्मदेशात. मलेशियात पोलीस म्हणाले, तुम्ही कोणीच नाही. आम्ही प्रत्येक ठिकाणी सांगितलं, आम्ही रोहिंग्या. सगळे म्हणाले, असं काही नसतंच. "और ये साब," तिनं बदकांच्या टायकडे बोट केलं, "ये सरकार है, और ये खुद बोल रहा है, तुम रोहिंग्या हो. दीवार पे लिखा है. कागज पे लिखा है. इतना बड़ा. साथ में पिटला लिखा है, तो लिखने दो. मैं ना बोलूँ, और ये सब मिटा दे तो?"



"काय म्हणाल्या त्या?" प्रिचर्डसाहेबांनी फोनला विचारलं.

मग चक्रवर्तींचा आवाज आला, जरा घोगरा. "सर, त्या म्हणतात, हो."

"एवढं बोलून नुसतं हो?"

"त्यांची भाषा विस्तृत आहे, सर."

साहेब आश्लेषाकडे वळले. "मग मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

आश्लेषानं आयुष्यात पहिल्यांदा खरं नेमकं काय आहे ते जपून ठरवलं. "यांनी स्वतःच्या घरी केलेलं पिठलं मी पाहिलंय," ती म्हणाली. "मुलं दर शुक्रवारी खायची. माझं बोलणं मी मागे घेते."

टाळ्या झाल्या. ब्रेंडा टेबलाला धरून उभी होती. तिच्या जिवात जीव आलेला लांबूनही दिसत होता. पण हमिदाचं अजून संपलं नव्हतं. तिनं हात वर केला आणि फोनकडे वाकून काहीतरी सांगितलं.

"सर," चक्रवर्ती म्हणाले, "त्या म्हणतात, पिटला पूर्ण पारंपरिक नाही. सोबत तांदळाची भाकरी आणि सुके मासे लागतात. नाहीतर पाहुण्याचा अपमान होतो."

सहायकानं पुस्तक पुन्हा उघडलं. मांसावर बंधन होतं, माशाबद्दल पुस्तक गप्प होतं. तिथल्या तिथे मंजूर झालं.

ऑक्टोबरच्या शेवटी हमिदाची बहीण सेनुआरा, तिचा नवरा आणि तीन लहान मुलं आली. या वेळी स्वयंपाकाची सूत्रं हमिदाकडे. आश्लेषा भाकऱ्या थापत होती, यतीन मदत म्हणून मध्ये मध्ये येत होता, सावनी मुलांना लिफ्टची बटणं दाखवत होती. कोपऱ्यात ब्रेंडानं एक वाटीभर पिठलं मंजुरीपुरतं ठेवलं होतं. दोघी बहिणी एकमेकींना सोडायलाच तयार नव्हत्या. स्वयंपाकघरात एक हात बहिणीच्या मानेभोवती ठेवून हमिदा दुसऱ्या हातानं मासे परतत होती. म्हणूनच मासे करपले, खोलीत धूर भरला आणि छतावरची गजराची घंटा कानठळ्या बसतील अशी वाजू लागली.

अख्खी इमारत खाली उतरली. पाठोपाठ लाल बंब आला आणि त्यातून हेल्मेट घातलेले, जड बुटांचे पुरुष धडाधड उतरले. कुऱ्हाड घेतलेला एकजण पुढे.

सेनुआराचा नवरा गणवेश बघताच दोन मुलांना काखेत मारून पळाला. तिसरं सेनुआरानं उचललं आणि तीही पळाली, पार्किंगमधल्या गाड्यांच्या मागे, वाकून, सवयीच्या वेगानं. कोणाला काही कळायच्या आत ती पाचही माणसं दिसेनाशी झाली. आश्लेषाच्या हाताला लागलेलं पीठ तसंच वाळून गेलं.

हमिदा मात्र सावकाश चालत गेली. गाड्यांच्या रांगेतून फिरत, वाकून बघत, आपल्या भाषेत मोठ्यानं बोलत राहिली. शेवटी एका पांढऱ्या व्हॅनमागे ती खाली बसली. आश्लेषा तिथे पोचली तेव्हा पाचही जणं जमिनीला चिकटून होती आणि हमिदा त्यांना काहीतरी समजावत होती.

"काय सांगतेस त्यांना?"

"सच," हमिदा म्हणाली. "कि ये लोग मछली के लिए आया है. ये मानते नहीं."

कोण मानणार होतं? मग तो कुऱ्हाडवाला जवान स्वतःच आला. आपल्यामुळे कोणी भ्यालंय हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं कुऱ्हाड दूर ठेवली, हेल्मेट काढलं, आणि लांबूनच गुडघ्यावर बसला. आतून तो अगदी कोवळ्या चेहऱ्याचा, घामेजलेला निघाला. "मॅडम, आग नाही," तो म्हणाला. "फक्त एक विचारायचं होतं. ते आत शिजतंय, ते आहे काय?"

आश्लेषानं भाषांतर केलं. हमिदानं सेनुआराला सांगितलं. सेनुआरा व्हॅनच्या चाकाआडून त्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिली. मग ती हमिदाला काहीतरी पुटपुटली.

"क्या बोली?" आश्लेषानं विचारलं.

"पूछती है, इस ने खाना खाया कि नहीं."

त्यानं खाल्लं नव्हतं. ब्रेंडा वर धावली आणि ताटं घेऊन आली. फुटपाथच्या कडेला बसून बंबावरच्या लोकांनी सुके मासे आणि भाकरी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. सेनुआराचा नवरा जरा वेळानं मुलांना घेऊन व्हॅनमागून बाहेर आला आणि त्यांच्यापासून थोडं अंतर राखून उभा राहिला. यतीननं त्याला खुर्ची आणून दिली. तो बसला नाही. पण खुर्चीच्या पाठीवर त्यानं हात ठेवला, आणि धाकटं पोर त्याच्या कडेवरून खाली उतरून बंबाच्या चाकाला हात लावायला गेलं, तेव्हा त्यानं त्याला अडवलं नाही.